कार्यारंभी देवाला काय विचारावे?



सज्जनहो, आपल्याकडे कोणतेही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. विहीर खणायची असो, घराचा पाया घ्यायचा असो, मुलाला दुकान घालून द्यायचे असो, की गावातून नवी दिंडी काढायची असो, आधी नारळ, आधी माळ, आधी पोथी. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, यावर निर्णय ठरतो. देशावर चिठ्ठ्या टाकतात आणि लहान लेकराकडून एक उचलून घेतात. वारकऱ्याच्या घरात ज्ञानेश्वरी असते. तिथे डोळे मिटून पोथी उघडायची, ओवीवर बोट ठेवायचे आणि त्या ओवीत आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, असाही एक प्रकार चालतो.

पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. त्या निमित्ताने गावोगावच्या घरांत मुक्काम झाले. कीर्तन आटोपले, फराळ झाला, की कोणीतरी हळूच जवळ येऊन बसते आणि म्हणते, "महाराज, एक काम मनात आहे. जरा पोथी उघडून बघा ना." हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की आता गादीवरून उतरल्यावर त्याचा थोडा विचार लिहून ठेवावा असे वाटते. काम सुरू करण्याआधी देवाला विचारावे यात शंका नाही. पण विचारावे काय? आणि उत्तर मिळाले हे ओळखावे कसे?

पहिल्यांदा आपण आपल्याच मनाची झडती घेऊ. माणूस देवापुढे बसून "हे काम करू का?" असे म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात तीन वेगवेगळी मागणी दडलेली असू शकतात. एक, "हे यशस्वी होईल का ते सांग." ही भविष्याची मागणी झाली. दुसरी, "मला हे करायचेच आहे, तू फक्त हो म्हण." ही संमतीची मागणी झाली. तिसरी सर्वांत लपलेली असते. "उद्या हे बिघडले तर दोष माझ्यावर नको. तू सांगितले म्हणून केले असे मला म्हणता यावे." ही जबाबदारी टाळण्याची मागणी. या तिन्हींत मार्गदर्शनाची मागणी कुठेच नाही. मार्गदर्शन मागणारा म्हणतो, "यातले योग्य काय ते मला दिसू दे, आणि ते माझ्या इच्छेच्या विरुद्ध निघाले तरी चालेल." हे शेवटचे वाक्य ज्याला म्हणता येत नाही, त्याने पोथी उघडण्याची घाई करू नये.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या गीतेतच आहे. एवढे मोठे कार्य समोर उभे असताना देवाला विचारणारा अर्जुन, आणि विचारला जाणारा प्रत्यक्ष भगवंत. पण तो विचारतो कसा ते पाहा. पहिल्या अध्यायात तो काहीच विचारत नाही. तो फक्त कारणे देतो, कुळाचे काय होईल, पापाचे काय होईल, आणि कारणे देऊन झाल्यावर धनुष्य खाली टाकतो. म्हणजे निर्णय आधी झाला. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, मी गोंधळलो आहे, मी तुझा शिष्य आहे, मला निश्चित काय ते सांग. किती सुंदर शरणागती! पण लगेच पुढे तोच म्हणतो की मी लढणार नाही, आणि गप्प बसतो. एकाच दमात "सांग" आणि "माझे ठरले आहे". तेव्हा भगवंत हसल्यासारखे करतात, असे व्यासांनी लिहिले आहे. ते हसू मला फार बोलके वाटते. आपण देव्हाऱ्यासमोर बसून कौल मागतो तेव्हाही त्या विटेवरच्या मुखावर तेच हसू असेल.

भगवंताने मात्र त्याला झिडकारले नाही. पुढे सतरा अध्याय समजावले. आणि अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर काय म्हणाले? हे सर्व पूर्णपणे विचारात घे आणि मग तुला जसे योग्य वाटेल तसे कर. देव असूनही त्याने "मी म्हणतो म्हणून कर" असा शब्द वापरला नाही. शरण येण्याचा उपदेश आणि अभयाचे वचन त्याच्यानंतर येते, विचार करण्याचे स्वातंत्र्य दिल्यानंतर. अर्जुनही मोह गेला, आठवण परत आली असे सांगतो, आणि मग म्हणतो की तुझ्या म्हणण्याप्रमाणे करीन. आधी मोह गेला, मग काम सुरू झाले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ग्रंथाने त्याला लढाईचा निकाल सांगून लढायला लावले असे झाले नाही. ग्रंथाने त्याच्या डोळ्यांवरची झापड काढली.

आता पोथी उघडून बोट ठेवण्याविषयी. ज्यांच्या आईने, आजीने हे केले त्यांच्या श्रद्धेला मी नावे ठेवत नाही. घाबरलेल्या मनाला पोथीवर हात ठेवताच आधार वाटतो आणि तो आधार खोटा नसतो. पण विचार करा, ज्ञानेश्वरीत नऊ हजारांहून अधिक ओव्या आहेत. माऊलींनी त्या एकामागून एक अशा रचल्या की एक ओवी दुसरीच्या खांद्यावर उभी राहते. दृष्टांत एका ओवीत सुरू होतो, तिसऱ्या-चौथ्या ओवीत त्याचा सिद्धांत येतो. मधली एकच ओवी उचलली तर हातात दृष्टांताचा तुकडा येईल, सिद्धांत राहून जाईल. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या माणसाचे वर्णन आहे. तो मनात म्हणतो, आज एवढे मिळवले, उद्या आणखी मिळवीन, शत्रूंना बुडवीन. एखाद्याचे बोट नेमके त्या वर्णनावर पडले आणि त्याने "मिळवीन" एवढाच शब्द धरला, तर आसुरी माणसाच्या गर्जनेला तो देवाचा आशीर्वाद समजेल!

आणि आणखी एक गंमत पाहिली आहे. मनासारखी ओवी निघाली नाही की माणूस म्हणतो, "पहिल्यांदा हात नीट पडला नव्हता," आणि पुन्हा पोथी मिटून पुन्हा उघडतो. ज्याने दुसऱ्यांदा उघडली त्याला उत्तर नको होते. त्याला होकार हवा होता. तुकोबारायांनी तर शकुन सांगणाऱ्यांचा, भूत-भविष्य वर्तवणाऱ्यांचा कंटाळा येतो असे स्पष्ट बोलून ठेवले आहे. त्यांच्या गाथेला उशाशी ठेवून आपण तिच्यातूनच शकुन काढू लागलो तर ते तुकोबांना कसे आवडेल?

ग्रंथ विचारायचाच असेल तर तो वाचून विचारावा. आठ दिवस एखादा अध्याय क्रमाने, अर्थासह, घरच्यांना ऐकवत वाचावा. आपला प्रश्न मनात असू द्यावा, पण ओवीवर लादू नये. सातव्या-आठव्या दिवशी होते असे की प्रश्नच बदलतो. "जमीन घेऊ का?" असे विचारत बसलेला माणूस "मला एवढी जमीन कशासाठी हवी आहे?" असे विचारू लागतो. ग्रंथाचे उत्तर बहुतेक वेळा अशाच रूपाने येते, प्रश्न शुद्ध होऊन.

दुसरी गोष्ट हिशेबाची. काही वर्षांपूर्वी एका गावी एक तरुण आला. गाईंचा गोठा करायचा होता, कर्ज काढायचे होते. त्याला वाटले, महाराज पोथी उघडतील आणि हो-नाही सांगतील. मी विचारले, गाई किती घेणार? हप्ता किती बसणार? उन्हाळ्यात वैरण कुठून आणणार? दुधाचा दर पडला तर हप्ता कशातून जाईल? तारण कोणाची जमीन? तो म्हणाला, "वडिलांची. त्यांना अजून बोललो नाही." मी म्हटले, "बाळा, ज्यांच्या जमिनीवर बोजा चढणार त्यांना सांगायच्या आधी तू माऊलींना विचारायला आलास. माऊली तुला आधी घरी पाठवतील." तो थोडा हिरमुसला. पण हे बोलणे भक्तीच्या विरुद्ध आहे असे मला वाटत नाही.

नाथबाबांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबाचे काम त्यांच्याकडे होते. एका पैची चूक लागेना, म्हणून रात्रभर जागले, आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढी एकाग्रता, तर हीच देवाकडे लागली तर काय होईल! या कथेतून आपण नेहमी एकाग्रतेचा बोध घेतो, तो बरोबरच आहे. पण मला त्यात आणखी एक बोध दिसतो. स्वामींनी नाथांना "पैचे काय एवढे, सोडून दे, देवाचे नाव घे" असे सांगितले नाही. पैचा हिशेब प्रामाणिकपणे पाहणाऱ्यालाच त्यांनी परमार्थाचा अधिकारी ठरवले. जो हिशेबात आळस करतो आणि मग देवाला "यश दे" म्हणतो, तो देवावर स्वतःचे राहिलेले काम टाकतो. देवाने बुद्धी दिली आहे ती वापरून झाल्यावर जो प्रश्न उरतो, तो देवापुढे ठेवण्याचा.

याच नाथबाबांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला. परंपरा सांगते की माऊलींनी त्यांना स्वप्नात दर्शन दिले, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे ती काढ असे सांगितले, आणि नाथ आळंदीला गेले. म्हणजे आज्ञा झाली, दृष्टांत झाला. पण दृष्टांताने शुद्ध प्रत आयती हातात आली नाही. प्रती जमवाव्या लागल्या, पाठ ताडून पाहावे लागले, घुसलेल्या ओव्या वेगळ्या कराव्या लागल्या. प्रेरणा देवाची आणि मेहनत भक्ताची, असा हा व्यवहार आहे. आज आपण जी पोथी उघडतो तिच्यामागे नाथांची ती मेहनत आहे, आणि त्याच पोथीत आपण मेहनत टाळण्यासाठी बोट घालावे हे काही बरे नाही.

आता जरा कठीण बोलतो. ग्रंथाला विचारले, शास्त्राला विचारले, म्हणजे उत्तर योग्यच मिळेल असे नाही. विचारणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या मनात दया नसेल तर शास्त्रातून क्रौर्यही काढता येते. हे आपल्या संप्रदायाइतके कोणाला माहीत असणार? विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूंच्या आज्ञेने गृहस्थाश्रमात परत आले. चार लेकरे झाली. मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी ब्रह्मवृंदाला नम्रपणे विचारले, मला प्रायश्चित्त काय? शास्त्र पाहिले गेले आणि उत्तर आले, देहान्त प्रायश्चित्त. आई-बापांनी ते स्वीकारले आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे देह गंगेला अर्पण केला. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई पोरकी झाली. विचारणाऱ्याची श्रद्धा खरी होती. ग्रंथही खरे होते. पण सांगणाऱ्याने चार लेकरांकडे पाहिले नाही.

त्याच पोरक्या लेकरांपैकी एकाने पुढे शके १२१२ मध्ये नेवाशाला गीता मराठीत सांगितली, आणि शेवटी मागणे मागितले ते काय? ज्यांनी छळले त्यांच्या नाशाचे मागितले नाही. दुष्टांचे दुष्टपण जावे, जीवांचे एकमेकांशी मैत्र जडावे, ज्याला जे हवे ते त्याला मिळावे. मला असे वाटते की ज्या घराने शास्त्राचा निर्दय कौल भोगला, त्याच घराने आपल्याला शास्त्र कसे वाचावे ते शिकवले. ग्रंथातून काढलेले कोणतेही उत्तर पसायदानाच्या कसोटीला लावून पाहावे. त्या उत्तराने कोणाचे घर मोडत असेल, कोणाचा अपमान होत असेल, तर ते उत्तर आपण चुकीचे काढले. ग्रंथ तसे म्हणाला नसणार.

संतांनी आपापल्या कार्याचा आरंभ कसा केला तेही पाहू. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात माऊली गणेशाला वंदन करतात, शारदेला करतात, सद्गुरूंना करतात. एवढ्यावर थांबत नाहीत. समोर बसलेल्या श्रोत्यांपुढेही नम्र होतात. टिटवीने समुद्र मोजायला जावे तसे माझे हे धाडस आहे, संतजनांनी सांभाळून घ्यावे, असे म्हणतात. निवृत्तिनाथांची आज्ञा होती, प्रतिभा अलौकिक होती, तरी ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांची संमती आणि सांभाळ त्यांनी मागितला. आम्ही कीर्तनकार गादीवर उभे राहण्याआधी विणेकऱ्याच्या पाया पडतो, श्रोत्यांना हात जोडतो, ती याच वळणाची रीत.

नामदेवराय तर प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलत असत. त्यांना कोणाला विचारण्याची काय गरज? तरी विठ्ठलानेच त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवले. देव म्हणाला नाही की मी आहे ना, दुसऱ्याकडे कशाला जातोस. देव पुष्कळदा आपले उत्तर माणसाच्या तोंडून देतो. जाणत्या माणसाचा सल्ला घेणे हा प्रार्थनेचाच एक भाग आहे, हे नामदेवांच्या कथेतून मला कळते.

आणि तुकोबाराय. त्यांनाही कवित्वाची आज्ञा स्वप्नात झाली. नामदेव विठ्ठलाला बरोबर घेऊन आले, असे ते सांगतात. पण त्या आधी काय काय केले तेही त्यांनीच सांगितले आहे. वाडवडिलांचे मोडकळलेले देऊळ नीट केले. संतांची वचने पाठ केली. कीर्तनात पुढे उभे राहण्याआधी मागे उभे राहून धृपद धरले. आणि खरे-खोटे पारखताना आपल्याच मनाला साक्षीदार केले, चार जण काय म्हणतात यावर विसंबले नाहीत. मन साक्षीदार म्हणजे मनाची लहर नव्हे. लहरी मनाची साक्ष कोर्टात टिकत नाही. संतवचनांनी घासून, सेवेने मऊ करून, नामाने स्थिर केलेले मन साक्षीला उभे करायचे. ते मन तयार होईपर्यंत मोठे काम हाती घेण्याची घाई करू नये.

इथे एक गावची हकीगत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण गोष्ट अजून तिथल्या लोकांच्या आठवणीत आहे. विठ्ठल मंदिराचा सभामंडप वाढवायचा होता. सप्ताहाला गर्दी होई, पावसात लोक भिजत. वर्गणीही जमली होती. अडचण एवढीच की एका बाजूला एका म्हाताऱ्या माऊलीचे दोन खणांचे घर आणि पुढे ओटा होता. उताऱ्यावर नाव तिच्या मयत नवऱ्याचे, मुले शहरात. कोणी म्हणे घर घ्यावे, कोणी म्हणे नको. शेवटी काल्याच्या दिवशी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकायच्या असे ठरले, आणि चिठ्ठी माझ्यासमोर उचलावी म्हणून मला बोलावले.

मी म्हटले, "चिठ्ठी 'वाढवा' अशी निघाली तर काय कराल?" म्हणाले, "देवाची इच्छा म्हणून त्या बाईला सांगू." मी म्हटले, "आणि तिने विचारले की देवाने माझे घर का मागितले, तर?" कोणी बोलेना. मी म्हटले, "आधी तिला विचारा. तिने देवाजवळ काय मागितले आहे ते तुम्हाला माहीत आहे का?" चार वडीलधारी मंडळी तिच्या दारात गेली. मीही गेलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "द्येवाला जागा कमी पडत आसंल तर त्यानं माझ्या घरात येऊन ऱ्हावं. त्याला मी न्हाई म्हनत न्हाई. पर त्याच्या नावानं मला भाईर काढू नगा." नंतर जरा थांबून तिनेच सांगितले, ओटा घ्या, खोल्या राहू द्या. मंडप झाला. एका बाजूला तो थोडा आखूड आहे, चौकोन पुरा झालेला नाही. सप्ताहात बायका तिच्या उंबऱ्यापाशी टेकून कीर्तन ऐकत असत. ती माऊली पुढे वारली, पण मंडप तसाच आहे.

चिठ्ठी टाकली असती तर ती कदाचित "वाढवा" अशीच निघाली असती. निम्मी शक्यता तीच. मग ते घर देवाच्या नावावर पडले असते आणि गावात कोणालाच आपण काही केले असे वाटले नसते. चिठ्ठीचा हाच धोका आहे. दोन गाईंपैकी कोणती आधी विकत घ्यावी, कीर्तनाची पहिली सेवा कोणी करावी, अशा समान गोष्टींत चिठ्ठी टाकायला हरकत नाही. त्यात भांडण मिटते. पण जिथे एकाच्या इच्छेने दुसऱ्याचे नुकसान होते तिथे चिठ्ठी टाकणे म्हणजे न्यायाचा प्रश्न नशिबावर सोपवणे. ज्याच्या अंगावर काम येणार त्याला विचारणे, हाही देवालाच कौल लावणे आहे. सर्वांभूती तोच आहे असे आपण रोज म्हणतो. मग त्या भूताच्या तोंडून आलेले उत्तर का ऐकू नये?

काही कामे तर अशी की त्यांत विचारण्यासारखे काहीच नसते. सावतोबांनी अरणच्या मळ्यात मोट चालू ठेवली, भाजी पिकवली, आणि त्यातच विठ्ठल पाहिला. पुंडलिकाच्या दारी देव आला तेव्हा तो आई-वडिलांची सेवा करीत होता. त्याने सेवा थांबवून देवाला "आता काय करू?" असे विचारले नाही. वीट सरकवली आणि थांबायला सांगितले. देव थांबला, अजून थांबला आहे. आजारी बापाला दवाखान्यात न्यावे का, उसने घेतलेले परत द्यावे का, भावाचा वाटा त्याला द्यावा का, असल्या प्रश्नांसाठी पोथी उघडणे म्हणजे करायचे नसलेल्या कर्तव्याला मुदत मागणे आहे.

कोणी म्हणेल, महाराज, मग प्रार्थनेला उरले काय? हिशेब आपण करायचा, जाणत्यांना विचारायचे, ज्यांना झळ लागणार त्यांना विचारायचे. एवढे केल्यावर देवाकडे जायचे कशाला?

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. माझे उत्तर असे की हे सारे नीट करता येण्यासाठीच प्रार्थना लागते. हिशेब सगळ्यांना येतो, पण लोभ असला की आकडे वाकतात. सल्ला सगळ्यांना मिळतो, पण अहंकार असला की आपण गोड बोलणाऱ्यालाच विचारतो. शेजारणीचे घर सगळ्यांना दिसते, पण हौस मोठी असली की ते अडचण म्हणून दिसते. प्रार्थनेने आकडे बदलत नाहीत. आकडे पाहणारा डोळा स्वच्छ होतो. आठ दिवस हरिपाठ केला, कोणाशी न बोलता काकड्याला बसला, तर मनातला गाळ खाली बसतो. मग तेच काम, तेच कर्ज, तेच घर वेगळे दिसू लागते. देवाचे उत्तर कानात शब्द होऊन येईल अशी वाट पाहणाऱ्याला ते कधी कळतच नाही. ते आधीच त्याच्या नजरेत आलेले असते.

प्रार्थनेने दुसरी गोष्ट होते ती म्हणजे मूठ सैल होते. "व्हायलाच पाहिजे" हे "झाले तर तुझे, नाही झाले तरी तुझे" असे होते. हे बोलायला सोपे आणि जगायला कठीण. पण एक खूण सांगतो. प्रार्थना झाल्यावर स्वतःला विचारावे, "आता हे काम नको असे दिसले तर मी सोडीन का?" छातीत कळ आली तर समजावे की अजून बसायला हवे. मन शांत राहिले तर उठावे आणि कामाला लागावे.

आणि काम बिघडले तर? देवाला विचारून केलेले काम बुडाले तर? इथे भल्याभल्यांची श्रद्धा हलते. म्हणून तुकोबांकडे पुन्हा जाऊ. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नाविना गेली, मूल गेले. पुढे ज्या अभंगांची आज्ञा स्वप्नात झाली त्यांच्याच वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. देवाच्या सांगण्यावरून केलेले काम, आणि तेही पाण्यात! तेरा दिवस ते शिळेवर बसून राहिले. वह्या तरल्या हे आपण मोठ्या आनंदाने सांगतो. पण ते तेरा दिवस आपण विसरतो. त्या दिवसांत त्यांना काही माहीत नव्हते. प्रार्थना म्हणजे नुकसानीचा विमा नव्हे. खरे काम बुडू शकते, खरा भक्त रडू शकतो. देवाला विचारून केले याचा लाभ एवढाच की ते काम बुडाले तरी ते लबाडीचे नव्हते हे मनाला ठाऊक असते, आणि त्या बळावर माणूस शिळेवर बसून राहू शकतो.

तर सज्जनहो, उद्या तुमच्या मनात एखादे काम आले, तर नारळ जरूर ठेवा. पोथीला हात जोडा आणि ती क्रमाने वाचा. कागदावर आकडे मांडा, आणि ते घरात मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला त्यातले कळते त्याच्याकडे जा, तो कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा ते पाहू नका. ज्याच्या शेताच्या बांधावरून तुमचा रस्ता जाणार त्याच्या दारात जाऊन बसा. मग देवापुढे बसा आणि "होईल का?" असे न विचारता "हे मी कोणासाठी करतो आहे?" असे विचारा. त्याचे उत्तर स्वच्छ आले की पुन्हा पुन्हा कौल लावत बसू नका. एकदा उठलात की मागे वळून पाहू नका. वारीला निघालेला माणूस प्रत्येक मुक्कामाला "परत जाऊ का?" असे विचारत नाही. तो निघताना एकदाच विचारतो आणि मग चालतो. पाय दुखतात, पाऊस येतो, तरी चालतो, कारण जिकडे जायचे ते त्याला ठाऊक असते आणि बरोबर चालणारे त्याने विचारून घेतलेले असतात.

पांडुरंग हरी.